बेदाण्याची ओळ का खोडलीस?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

तुझा रेझ्युमे काल रात्री दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनानंतर मला रागच आला. परवा फोनवर तू सांगितलेस की मुंबईतल्या गुंतवणूक बँकांकडे पाठवलेल्या एकाही अर्जाला उत्तर आले नाही. आणि त्याच ओघात, अगदी किरकोळ गोष्ट असावी अशा सुरात, हेही सांगितलेस की तासगावला काकांच्या बेदाण्याच्या अडत दुकानात दोन हंगाम 38 खरेदीदारांची उधारी तू एकटी सांभाळत होतीस. मी कागद पुन्हा पाहिला. ती ओळ त्यात नव्हती. विचारल्यावर म्हणालीस, "सर, ते खेडवळ दिसतं असं सगळे म्हणाले, म्हणून खोडली." त्या जागी आता "डीसीएफ, एलबीओ आणि एम अँड ए मॉडेलिंगमध्ये प्रवीण" असे छापले आहे, म्हणजे कंपनीचे मूल्यमापन, कर्ज काढून केलेली कंपनीखरेदी आणि विलीनीकरणे यांची आकडेमोड तुला येते असा दावा.

एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे कर्जासकट अख्ख्या धंद्याचे मूल्य, काढताना मायनॉरिटी इंटरेस्ट, म्हणजे उपकंपनीतला बाहेरच्यांचा हिस्सा, का मिळवायचा, एवढेच मी त्या प्रवीणतेला विचारले होते, आणि तू गप्प झालीस. उपकंपनीचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, आपण एकत्रित नफा-तोटा पत्रकातून पूर्णच्या पूर्ण घेतो, मग तिच्यात इतरांचा जो हिस्सा आहे त्याचे मूल्यही दुसऱ्या बाजूला धरावे लागते, नाहीतर मूल्य भागिले एबिटडा या गुणोत्तराचा अंश आणि छेद दोन वेगळ्या कंपन्यांचे होतात. हे न येणे हा गुन्हा नाही, तुझ्या वयात मलाही येत नव्हते. पण येत नसताना "प्रवीण" लिहिणे मला मान्य नाही. ज्या ओळीवर कोणी दहा मिनिटे उलटसुलट प्रश्न विचारले तरी तुला बोलता येईल, तीच ओळ कागदावर राहू दे.

हे मी पुस्तकी शहाणपण म्हणून सांगत नाही. 1996 साली नरिमन पॉइंटला माझी पहिली मुलाखत झाली, तेव्हा माझ्या बायोडेटावर सहकारी साखर कारखान्याच्या वित्तपुरवठ्यावरचा एक प्रकल्प होता. तो मित्राने केला होता. मी टंकलेखन आणि बाइंडिंग करून आणले होते, तेवढ्यावर नाव लावले. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले की कारखान्याचे खेळते भांडवल कोणत्या महिन्यांत सर्वाधिक अडकलेले असते. मला उत्तर सुचले नाही. गाळप संपत आलेले असते तेव्हा गोदामे साखरेने भरलेली असतात, ती साखर पुढे वर्षभर विकली जाणार असते, आणि तिच्या तारणावर उचललेले कर्ज त्या वेळी शिगेला पोहोचते. आमच्या घरी उसाचे बिल हप्त्याहप्त्याने का येते याची चर्चा ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. म्हणजे उत्तर माझ्याच घरात होते. परंतु ओळ उसनी असल्यामुळे मी प्रकल्पाची पाने आठवत बसलो आणि घर आठवलेच नाही. ती नोकरी गेली याचे दुःख केव्हाच ओसरले. त्या गृहस्थांनी माझा बायोडेटा मिटून टेबलाच्या कडेला सरकवला, ती हालचाल अजून डोळ्यांसमोर आहे.

आता तुझ्या बेदाण्याकडे येऊ. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षे रॅकवर वाळतात, माल शीतगृहात जातो आणि भावाची वाट पाहत पुढचे कित्येक महिने सौद्यांमधून विकला जातो. शेतकऱ्याला पैसे वेळेवर हवे असतात, खरेदीदार मात्र मुदत मागत राहतो, आणि मधल्या अडत्याचा सगळा श्वास वसुलीवर चालतो. हे चक्र जिने वहीतून पाहिले आहे, तिला वर्किंग कॅपिटल सायकल शिकवावी लागत नाही. मग त्या कागदावर "अकाउंट्समध्ये मदत केली" असे मिळमिळीतही लिहू नकोस. "बेदाणा अडत दुकानात 2 हंगाम 38 खरेदीदारांच्या उधारीची मुदतवार यादी एक्सेलमध्ये ठेवली आणि 60 दिवसांपुढची येणी दर सोमवारी मालकांसमोर मांडली" असे लिही, कारण तू नेमके हेच केलेस. वसुलीचे सरासरी दिवस कमी झाले असतील तर वहीतून आकडा काढ, येणे भागिले विक्री गुणिले 365 असा हिशेब कर, आणि मगच लिही. आकडा निघत नसेल तर तो सोडून दे. अंदाजाने टाकलेला आकडा म्हणजे पुन्हा माझा तो साखर कारखानाच.

मॉडेलिंगची ओळ आज ना उद्या लागेलच, ती मला नको आहे असे नाही; ती कमावून लिही. दुकानांची साखळी चालवणारी एखादी सूचिबद्ध कंपनी घे आणि तिचे 2018-19 व 2019-20 चे वार्षिक अहवाल शेजारी ठेव. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भाडेपट्ट्यांचे लेखामानक लागू झाल्यावर दुकानांच्या भाड्याचा मोठा भाग घसारा आणि व्याज या रकान्यांत गेला, त्यामुळे धंदा तोच असूनही एबिटडा फुगलेला दिसतो, आणि भाडेपट्ट्यांचे दायित्व कर्जात धरायचे की नाही यावर सगळी तुलना फिरते. दोन्ही वर्षांचे आकडे स्वतःच्या हाताने एकाच पद्धतीवर आणून पाहा. त्यानंतर सेबीच्या संकेतस्थळावरून त्याच क्षेत्रातल्या एखाद्या कंपनीचा आयपीओचा मसुदा दस्तऐवज उतरवून घे आणि त्यातले "बेसिस फॉर ऑफर प्राइस" हे समभागाची किंमत कशावर ठरवली ते सांगणारे प्रकरण वाच; मर्चंट बँकरने, म्हणजे समभागविक्री हाताळणाऱ्या संस्थेने, कोणत्या कंपन्या तुलनेला घेतल्या आणि तू कोणत्या घेतल्या असत्यास, यावर एक पान लिही. त्या कामाची दीड ओळ तुझ्या आत्ताच्या अख्ख्या "कौशल्ये" विभागापेक्षा भारी ठरेल.

बाकीचे थोडक्यात. कागद एकच पान असावा. जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि "वाचन, प्रवास, संगीत" काढून टाक. दुसऱ्या वर्षाचे 61 टक्के लपवले आहेस ते परत घाल. कागदपत्रांच्या पडताळणीत ते दिसणारच आहेत, आणि लपवलेले गुण कमी गुणांपेक्षा वाईट दिसतात. तळाशी "वरील सर्व माहिती सत्य आहे" अशी घोषणा आहे, तिचे मला हसू आले. वरची "प्रवीण" ही ओळ ठेवून खाली ही शपथ तू कोणत्या तोंडाने घेतलीस? आणि अर्ज फक्त बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, बड्या नावांकडे करू नकोस. ती मंडळी बरीचशी भरती ठरावीक संस्थांच्या कॅम्पसमधून करतात. 2012 पासून बीएसई आणि एनएसईवर लघु-मध्यम कंपन्यांसाठी वेगळे मंच आहेत. तिथले इश्यू आणणाऱ्या छोट्या मर्चंट बँकरांकडे अडत दुकानासारख्याच धंद्यांचे हिशेब येतात, आणि ते वाचणारे माणूस त्यांना हवे असते.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील की सगळेच थोडे फुगवतात, आणि सरांचा काळ वेगळा होता. माझ्याही वरिष्ठांनी एकदा हेच सांगितले होते. ज्या व्यवहारात आम्ही दुय्यम सल्लागार होतो, त्यात "प्रमुख" असे सादरीकरणात लिहायला मी नकार दिला. त्या वर्षीची बढती गेली आणि कचेरीत हेकट हे विशेषण कायमचे चिकटले. घरच्यांनीही तेव्हा बोलून दाखवले होते, आणि मुलांच्या फीच्या दिवसांत ते मला लागलेही. माझे चुकले असे मला आजही वाटत नाही, मात्र ते पत्करण्याची ऐपत माझ्याकडे होती आणि प्रत्येकाकडे ती नसते, हे मला कळते. तुला तर मी एवढेही मागत नाही आहे. तुझ्याकडे खरी ओळ आहेच, ती फक्त परत लिहायची आहे.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव आणि शनिवारी संध्याकाळी फोन कर. त्या आधी शीतगृहाचे भाडे बॉक्समागे दर महिन्याला होते की हंगामाचे ठोक, आणि ते शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापले जात होते की दुकान सोसत होते, हे काकांना विचारून ठेव. पहिला प्रश्न तोच असेल.

तुझा,
सर