मार्चमध्ये 12 लाख येणार नाहीत

नाशिकहून एका 42 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 1,16,000 किलोमीटर झालेली, रोज सिन्नर एमआयडीसीला जा-ये. तीन महिन्यांपासून दर आठवड्याला कूलंटच्या टाकीत अर्धा लिटर पाणी घालावं लागतंय, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. सकाळी चालू केली की दोन मिनिटं मिसिंग करते, मागून पांढरा धूर येतो, मग सुरळीत चालते. एका गॅरेजवाल्याने प्लग आणि कॉइल बदलून 6,500 घेतले, फरक काही पडला नाही. दुसऱ्याने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी, गेल्याचं सांगितलं, 38,000 चा अंदाज दिला. शोरूमवाले जुनी गाडी 80,000 ला घेऊन साडेनऊ लाखांची नवी द्यायला तयार आहेत. बुकिंगचे 11,000 भरूनही झालेत. दुरुस्ती करू की नवी घेऊ, असा प्रश्न आहे. आणि जाता जाता एक ओळ: "हप्त्याची चिंता नाही, मार्च 2027 मध्ये पॉलिसीचे 12 लाख येतायत, त्यातून कर्ज फेडून टाकेन."

गाडीकडे नंतर येतो. आधी ही शेवटची ओळ.

तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, फार बरं केलंत. त्यावर दोन मुदती एकाखाली एक छापल्या आहेत. प्रीमियम भरण्याची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं. तुम्ही मार्च 2017 ला पॉलिसी घेतली आणि दहावा, म्हणजे शेवटचा हप्ता यंदाच्या मार्चमध्ये भरला. पैसे मिळायची तारीख मार्च 2037 आहे. 2027 ला तुमच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही; तेव्हा एवढंच होईल की भरायला हप्ता नसेल.

दुसऱ्या फोटोत एजंटने बॉलपेनने लिहिलंय: "60 × 10 = 6, डबल 12". म्हणजे वर्षाला 60 हजार, दहा वर्षांत 6 लाख, त्याचे दुप्पट 12. मला खरा राग येतो तो या अक्षराचा. त्याच कागदावर कंपनीने छापलेले दोन रकाने आहेत, 4 टक्के आणि 8 टक्के परतावा गृहीत धरलेले. एकात 2037 ला 8 लाख 20 हजार, दुसऱ्यात 15 लाख. बारा लाख कुठेच नाहीत आणि 2027 तर नाहीच नाही. आणि 8 टक्क्यांचा रकाना म्हणजे तुमच्या हातात 8 टक्के, असंही नसतं. विम्याचा खर्च आणि कमिशन वजा होऊन ते 15 लाख तुमच्या पैशांवर साधारण 6 टक्के पडतात, 4 टक्क्यांचा रकाना जेमतेम 2. दोन्हींची हमी नाही.

आता ते 12 लाख काढून नव्या गाडीचा हिशेब मांडू. 80,000 जुन्या गाडीचे, 70,000 बचतीतले, वर 8 लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी 7 वर्षं धरली तर हप्ता 13,000. एकूण भरणा 11 लाखांच्या जवळ, त्यातले 3 लाख नुसतं व्याज. घराचा हप्ता 19,000 चालूच आहे. 68,000 हातात येतात, 32,000 हप्त्यांत गेले. उरलेल्या 36,000 मध्ये घर, दोन मुलांची फी आणि वडिलांची औषधं. बचत खात्यातले 70,000 तर गाडीतच गेलेले. मधे एखादं आजारपण आलं की क्रेडिट कार्ड, असं हे गणित आहे.

तुम्ही न विचारलेली आणखी एक गोष्ट मला जास्त छळतेय. तुमच्यावर विमा किती आहे? याच पॉलिसीचा, 6 लाख. घराचं कर्ज शिल्लक 17 लाख. वर्षाला 60,000 भरणाऱ्या माणसाच्या घरच्यांच्या हाती, तो गेला तर 6 लाख आणि आजवरचा बोनस, एवढंच यावं? 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, वयाच्या साठीपर्यंत, प्रकृती ठीक असेल तर वर्षाला वीस-बावीस हजारांच्या आसपास मिळेल. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. मोकळ्या झालेल्या 60,000 मधून तो याच महिन्यात घ्या. उरलेले 38,000 वर्षाला आवर्ती ठेवीत टाका, तुमच्याकडे 3 लाखांची गंगाजळी होईपर्यंत.

मग ही पॉलिसी मोडायची का? घाईने नाही. भरलेले पैसे गेले ते गेले, आता फक्त पुढचं बघायचं. कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी मागवा, आणि सध्याच्या बोनसच्या दराने 2037 ला अंदाजे किती होतील तेही. समजा आज 5.5 लाख मिळतायत आणि तेव्हा 11 होतील, तर साडेदहा वर्षांत दुप्पट, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आसपास. पुढे काही भरायचं नसताना तेवढं मिळत असेल तर राहू द्या. पण आजच 7 लाख देत असतील तर पुढचा परतावा साडेचार टक्क्यांच्याही खाली जातो. मग मोडा, आणि आधी घराचं कर्ज कमी करा.

आता गाडी. लक्षणं दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या बाजूची आहेत. गाडी बंद केल्यावरही कूलंट गरम आणि दाबाखाली असतं. गॅस्केट गेलं असेल तर ते रात्रभर थोडं थोडं सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी तो सिलिंडर पेटत नाही, पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून गेलं की गाडी ठीक. म्हणूनच खाली थेंब नाही आणि कॉइल बदलून उपयोग नाही. पण एकदा अंदाजाने 6,500 गेलेत, आता तपासून पैसे घाला. इंजिन थंड असताना रेडिएटरला हातपंप लावून प्रेशर टेस्ट करायची, दाब धरून ठेवून अर्धा-पाऊण तास काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल तर प्लग काढा. पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग ओला किंवा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. कूलंटमध्ये इंजिनचा वायू येतोय का, हे निळं द्रावण पिवळं होतंय का यावरून कळतं. सगळं हजार-दोन हजारांत होतं.

निदान पक्कं झालं तर दुरुस्ती करा. 38,000 म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्तेसुद्धा नाहीत. अंदाज लेखी घ्या आणि त्यात हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), नवे हेड बोल्ट, ऑइल-फिल्टर आणि कूलंट धरलंय का ते बघा. हेडला तडा निघाला आणि आकडा 55,000 च्या वर गेला तर थांबा, आहे तशी विकून दोन-अडीच लाखांची जुनी गाडी बघा. तीही पॉलिसी मोडलीत तरच. नाहीतर तोवर कंपनीची बस. गळती बुजवणारं औषध टाकू देऊ नका, त्याने रेडिएटरच तुंबतो. कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी घालणं बंद करा. काटा लालाकडे गेला तर तिथेच गाडी बंद करायची, सिन्नर चार किलोमीटरवर असलं तरी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर अजिबात चालवू नका.

बुकिंगचे 11,000 उद्याच लेखी अर्ज करून परत मागा.