अहो, तेच तेच मांजराचं पुस्तक हा किती दिवस वाचणार?

मी मुलांची समुपदेशक. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की हा प्रश्न माझ्याकडे यायला लागतो, दरवर्षी. "मॅडम, दुसरीत गेला तरी त्याच बाळबोध गोष्टी वाचतो. शेजारच्या आजी, कुत्र्याचं पिल्लू, मैत्रिणीला डब्यातला लाडू दिला, संपली गोष्ट. आणि आमच्या शेजारची मुलगी बघा, एवढाली जाड पुस्तकं वाचते." ही शेजारची मुलगी प्रत्येक केसमध्ये असतेच, कोथरूडची केस असो नाहीतर हडपसरची. फोनवर तेच तेच उत्तर देऊन कंटाळले म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. नाव आणि तपशील बदललेत, आईबाबांना विचारूनच लिहितेय.

त्याला आपण चिनू म्हणू. साडेसात वर्षांचा, इंग्लिश मीडियम, घरी मराठी, सिंहगड रोडच्या एका सोसायटीत राहणारा. आई पहिल्या दिवशी वहीच घेऊन आली होती, त्यात तारीखवार आकडे, मिनिटाला किती शब्द वाचले त्याचे. फोनवर स्टॉपवॉच लावून रोज रात्री जेवणं झाली की वाचायला बसवायचं, आणि नवीन पुस्तक काढलं की चिनूच्या पोटात दुखायचं. फक्त एक मांजराचं पुस्तक तो आपणहून काढायचा, दिवसातून दोनदा-तीनदा. बाबांचं म्हणणं स्पष्ट होतं, "मॅडम, वाचत वगैरे काही नाहीये तो, पाठ झालंय त्याला. आपल्याला फसवतोय."

आता कबूल करते, पहिल्या भेटीत मीपण तेच केलं. कपाटातनं एक छान चित्रांचं नवं पुस्तक काढलं आणि गोड आवाजात म्हणलं, "वाच बरं एक पान." त्याने पायाची बोटं आत वळवून घेतली आणि पोटावर हात ठेवला. आवाज गोड असला म्हणून काय झालं, परीक्षा ती परीक्षाच. मी मुळात मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या वाटेने जाणारी, त्याने 1920 च्या दशकात व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं काढली आणि मूल अडलं की आधी त्याचा धीर खचलाय का ते बघायचं ही नजर आम्हाला दिली, हे सगळं मी पालकांना वर्कशॉपमध्ये ऐकवते, आणि स्वतःच्या खोलीत मात्र विसरले!

पुढच्या दोन भेटी आम्ही नुसतं चित्रं काढणं आणि गप्पा केलं. मग म्हणलं, तुझं ते पुस्तक आणशील का, मला दाखवायला.

आणलं. सोळा पानं, कोपरे दुमडलेले, मधल्या पिनेजवळ सेलोटेप. गोष्ट एवढीशी. दोन घरं, मध्ये भिंत, एक मांजर दोन्हीकडे दूध पितं, दोन्ही घरांत त्याचं नाव वेगळं, दोघांनाही वाटतं ते आपलंच. एक दिवस ते येत नाही, दोन्ही घरं शोधायला निघतात, दारात गर्दी जमते, शेवटी माळ्यावर सापडतं, सोबत तीन पिल्लं. आणि इतके दिवस न बोलणारी दोन घरं बोलायला लागतात.

"मांजर हरवतं त्या पानावर तुला भीती वाटते का रे?"

"नाही. सापडतं ना ते."

"मग सगळं माहितीये तर परत परत कशाला वाचायचं?"

एवढं पण कळत नाही का, अशा चेहऱ्याने त्याने माझ्याकडे बघितलं. "माहितीये म्हणूनच. मग मी हळू जातो. नवीन पुस्तकात हळू गेलं की आई घड्याळ बघते."

आणि मग पान उलटून बोट ठेवलं, 'गर्दी' या शब्दावर. "हा टोपीवाला र आहे ना, तो द च्या डोक्यावर बसलाय. पण म्हणायचा आधी. मी आधी गदरी म्हणायचो. मग एकदा मला इथेच कळलं."

मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. इतक्या वर्षांच्या कामात मुलांनी मला बरंच शिकवलंय, पण हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. आपल्याला मोठं झाल्यावर विसरायला होतं की आपली लिपी मुलाला किती उलटसुलट फिरवते. 'किती' मधली ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. रफार बसतो पुढच्या अक्षरावर आणि म्हणायचा त्याच्या आधी. नव्या गोष्टीत मुलाला हे सगळं सांभाळायचं, वर पुढे काय होणार तेही धरून ठेवायचं, वर आईचा चेहरा वाचायचा. गोष्ट आधीच माहिती असली की ते एक ओझं उतरतं आणि डोळे अक्षराकडे जायला मोकळे होतात. म्हणजे बाबांचं अर्धं बरोबर होतं, पुस्तक पाठ झालेलंच होतं. पण त्या पाठांतराचा हात धरून पोरगा एकटाच रफार शिकला होता, आणि आपण त्याला लबाड म्हणत होतो.

बाबांना हे पटेना. "ठीक आहे, पण पुढे कधी जाणार?" मी विचारलं, 2011 ची वर्ल्ड कपची फायनल किती वेळा बघितलीत? ते हसले. म्हणाले धोनीचा तो शेवटचा सिक्स तर मोजलाच नाही कधी. मग म्हणलं, निकाल माहिती असूनही प्रत्येक वेळी काहीतरी नवीन दिसतंच ना? त्यानंतर बाबांशी फार बोलावं लागलं नाही. आईला वेळ लागला, तिची काळजी खरी होती आणि आकड्यांची वही हाच तिचा आधार होता, ती काढून घेतली तर तिच्या हातात काय उरणार हा विचार मी करायला हवा होता, तो जरा उशिराच केला.

तर असं ठरलं. स्टॉपवॉच बंद. तो अडला तर लगेच शब्द पुरवायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं, त्याने विचारलं तर सांगून टाकायचं, त्यावर भाषण नको. जुनं पुस्तक काढून घ्यायचं नाही, त्याच्या शेजारी त्याच जातीचं दुसरं ठेवायचं, शेजारपाजार, कुत्री-मांजरं, भांडण आणि दोस्ती. या गोष्टींत फार काही घडत नाही हीच त्यांची खुबी आहे, मुलाच्या रोजच्या ओळखीचं जग असतं, त्यामुळे अडलेला शब्द अंदाजाने गवसतो. विकतच आणायला हवं असंही नाही, 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीवर' वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्या-अवघड पातळ्या लावलेल्या.

आणि चुका न काढणारा श्रोता शोधायचा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत 1999 पासून मुलं प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात, कुत्रं मध्येच थांबवत नाही एवढंच त्यातलं गुपित. चिनूच्या सोसायटीत तळमजल्यावर एका आजींचा म्हातारा लॅब्रेडॉर आहे, ब्रुनो. संध्याकाळी आजी मेथी निवडत बसतात, ब्रुनो पायाशी, चिनू पायरीवर. आजींनी कानाचं मशीन बहुतेक वेळा काढूनच ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याही चुका काढत नाहीत!

एक मात्र सांगते, प्रत्येक मूल चिनू नसतं. रोजच्या ओळखीच्या पुस्तकातलीही अक्षरं महिनोन्‌महिने टिकत नसतील, वाचन आणि लिहिणं दोन्ही अडत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वाचन-अडचणीची रीतसर तपासणी करा. 'होईल मोठा झाल्यावर' म्हणत दोन वर्षं घालवू नका, मी अशीही मुलं बघितलीत.

सहाव्या भेटीला आई एकटीच आली, वही न घेता. म्हणाली काल मी जिन्यात उभी राहून ऐकत होते, तो नवीन पुस्तक वाचत होता आणि 'शर्ट'ला 'शटर' म्हणाला, मी ओढणीचं टोक दाताखाली धरलं पण बोलले नाही. तीनेक शब्द पुढे जाऊन तो आपला आपणच मागे आला. ब्रुनो तोवर झोपलेला.

आणि मांजराचं पुस्तक? ते आता पिनेतून सुटलंय. आई परवा अप्पा बळवंत चौकात जाऊन तीन दुकानं हिंडली, त्याचीच दुसरी प्रत मिळते का बघायला.