खिडकीचीच जागा घ्या, बाई

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. ३० वर्षं विज्ञान शिकवलं. विमान कसं उडतं हे दरवर्षी फळ्यावर पंखाची आकृती काढून सांगितलं, पण स्वतः विमानात बसायचा योग कधी आला नाही. पुढच्या महिन्यात मुलीकडे निघाले आहे, एकटीच. सकाळचं विमान, दोन तासांचा प्रवास. थोडी भीती आहे, पण उत्सुकता तिच्याहून मोठी. रोज रात्री तीनला जाग येते. मुलगी म्हणते, वाटेकडची जागा घे, उठायला-बसायला सोपं. मला खिडकी हवी आहे. या वयात असा हट्ट शोभेल का? आणि खिडकी मिळालीच, तर काय काय बघू?

उत्तर : तुम्हाला बाईच म्हणते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांना दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मी २२ वर्षं केबिन क्रूमध्ये होते. उड्डाणाच्या वेळी आम्ही दाराजवळच्या घडीच्या सीटवर बसतो, आणि माझी सीट बहुतेक वेळा प्रवाशांकडे तोंड करून असायची. त्यामुळे विमान जमीन सोडतं तेव्हा लोकांचे चेहरे कसे होतात, हे मी हजारो वेळा पाहिलं आहे. पहिल्यांदा उडणारा माणूस लगेच ओळखू येतो. तो श्वास धरून बाहेर बघत असतो आणि मग कुणाला तरी सांगायला मान वळवतो. एकदा समोरच्याच रांगेत एक आजोबा होते, तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. चाकं सुटली तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "सुटलं!" एवढंच. त्यांच्या शेजारच्या दोघांनी हातातले फोन मांडीवर ठेवले आणि खिडकीकडे वाकून पाहिलं. त्या दिवशी मीसुद्धा पाहिलं. शोभण्याचा प्रश्न मनातून काढून टाका.

मुलीची काळजी समजते, पण प्रवास दोनच तासांचा आहे. चढण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, आणि मध्ये उठावंसं वाटलं तर शेजाऱ्यांना सांगा. लोक उठतात, त्यात संकोच नको.

जागा मात्र नीट निवडा. पंखाच्या जरा मागची आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूची. सकाळी विमान उत्तरेकडे जाणार असेल तर डावी खिडकी, दक्षिणेकडे जाणार असेल तर उजवी. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच्या जागी नुसती भिंत येते, तेवढं मुलीला आधी बघायला सांगा. सूर्याच्या विरुद्ध बाजू का, ते पुढे सांगते.

दोन तासांच्या प्रवासाला पुष्कळदा एअरबस ए-३२० असतं. ते नाकापासून शेपटीपर्यंत साडेसदतीस मीटर लांब आहे. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं होतं, १२० फुटांचं, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या आसपास. ते अख्खं उड्डाण या एका विमानाच्या लांबीत मावतं. आत शिरून आपल्या रांगेकडे चालत जाताना हे आठवून बघा.

आता पंखाबद्दल, कारण तुम्ही पंखाजवळ बसावं असं मला वाटतं ते याचसाठी. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून उभं राहील, इंजिनं गर्जतील, पाठ सीटला टेकेल. त्या वेळी पंखाच्या टोकाकडे बघत राहा. वेग वाढत जातो तसं ते टोक हळूहळू वर उचललं जातं. चाकं अजून जमिनीवर असतात, पण भार पंखांनी घ्यायला सुरुवात केलेली असते. फळ्यावर तुम्ही वर जाणारा जो बाण काढत होता, तो इथे डोळ्यांना दिसतो. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरचा वेग आला की नाक वर होतं आणि चाकांची खडखड एकदम थांबते. ती शांतता ऐका. मला सगळ्या प्रवासात तोच क्षण सर्वांत आवडायचा.

आकृतीवरून एक आठवलं. पंखावरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून खालच्या हवेबरोबर पोहोचण्यासाठी ती वेगाने धावते, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. एका वैमानिकाने मला समजावलं की दोघींनी एकाच वेळी पोहोचण्याचं काही बंधन नाही. वरची हवा खरं तर आधीच पोहोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि त्याच्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. तुम्हाला हे आधीच ठाऊक असेल, तरी पंखाकडे बघताना ही गोष्ट मनात असू द्या.

यानंतरचा भाग मात्र लक्षात ठेवा, कारण इथेच पहिल्यांदा बसलेल्यांचा आनंद हिरावला जातो. वर गेल्यावर पोटाखालून घरघर आणि धप्प असा आवाज येतो: चाकं आत घेतली. आणखी थोड्या वेळाने इंजिनांचा आवाज अचानक उतरतो, नाक किंचित खाली येतं, आणि पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. विमान पडतंय असंच वाटतं. ते पडत नसतं. उड्डाणासाठी लागलेला जोर वैमानिक ठरल्याप्रमाणे कमी करतात, चढण जरा हलकी होते, आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय या बदलाला पडणं समजतं. विमान तेव्हाही वरच चढत असतं. याच क्षणी सीटचे हात घट्ट धरलेल्या किती मुठी मी पाहिल्या, आणि आधी कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर त्या उघड्या राहिल्या असत्या असं दरवेळी वाटायचं. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

कान दडपतील, बहुधा उतरताना जास्त. आवंढा गिळा, जांभई द्या, उतरायला लागल्यावर झोपू नका. सर्दी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ढगांत विमान हललं तर पट्टा बांधलेला असू द्या. एरवीही बसल्या जागी तो सोडू नका.

आता ती विरुद्ध बाजू. खाली ढगांचा थर असेल तर त्यावर विमानाची सावली शोधा. नशीब असेल तर तिच्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं दिसेल. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. ढगातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश आला त्या दिशेनेच परत पाठवतात, म्हणून ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला उमटतं. इतक्या वर्षांत मला ते मोजक्या वेळा दिसलं, कारण आम्हाला खिडकीशी बसायला कुठे मिळायचं! खिडकीच्या काचेत तळाशी एक बारीक छिद्रही असतं. घाबरू नका, ते काचांमधल्या हवेचा दाब सारखा ठेवतं आणि धुकं धरू देत नाही. बाहेर त्या वेळी शून्याखाली ५० अंश किंवा त्याहूनही कमी तापमान असतं, आणि कधी कधी त्या छिद्राभोवती बर्फाची नक्षी जमते.

उतरल्यावर पंखावरच्या फळ्या उभ्या राहतील आणि इंजिनं पुन्हा गर्जतील. तो आवाज वेग मोडण्याचा.

चढताना दाराशी उभ्या असलेल्या मुलीला किंवा मुलाला सांगा, "माझी पहिलीच वेळ आहे." आम्हाला ते ऐकायला फार आवडायचं. मग दिवसभर ती जागा आमच्या लक्षात राहायची, आणि जाता-येता आम्ही तिथे थोडं थांबायचो.

रात्री तीनला जाग येते त्यावर मी काही उपाय सांगत नाही. जाग आली तर उठा, एक कागद घ्या, पंखाची आकृती काढा आणि त्यावर तो बाण. परत आलात की तो कागद मला पाठवा, टोक किती वर उचललं ते त्यावर लिहून.