आधी गाणं, मग गप्पा

बेटा,

काल रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो सकाळी नीट बघितला. क्वीन या इंग्लिश रॉक बँडवरच्या माहितीपटाची डीव्हीडी, दोन डिस्कचा सेट, सेकंडहँड, चौदाशे रुपये अधिक कुरिअर, आणि खाली तुझा प्रश्न, काका घेऊ का, अनऑथराइज्ड आहे म्हणतात, म्हणजे बँडच्या परवानगीशिवाय काढलेली, पण आत खूप काही असेल ना. मग परत, की नको. मग एक वाजता, तुम्ही सांगाल तसं. मी सांगेन तसं कशाला रे, पैसे तुझे आहेत. पण ते चौदाशे तू मे महिन्याच्या उन्हात सावद्याला केळीच्या गाड्यांचा हिशोब लिहून कमावलेत हे मला माहिती आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते गेली सतरा-अठरा वर्षं बदललेलं नाही. आधी गाणं, मग गप्पा. पैसे टाकायचे तर याच क्रमाने.

क्वीनचे स्टुडिओ अल्बम पंधरा. त्यातला एक तरी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मोबाईल उलटा ठेवून, सलग ऐकलायस का? खरं सांग. तुला त्यांची भांडणं माहिती, कोणी कधी मिशी ठेवली ते माहिती, पण १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या सहा मिनिटांच्या गाण्यात मधे जो आवाजांचा डोंगर उभा राहतो तो तिघांनीच गाऊन, आवाजावर आवाज चढवून केलाय आणि त्यातला सगळ्यात वरचा चिरत जाणारा सूर ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा आहे, हे तू कधी कानाने शोधलंस का? चांगले इअरफोन लावून रात्री एकदा बस. डिस्कवरचा कुणी पत्रकार तुला हे ऐकवू शकत नाही, कारण बहुतेक वेळा त्याच्याकडे ते गाणंच नसतं.

हे नीट समजून घे. फिल्ममध्ये गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, एक गाणं ज्यांनी लिहिलं त्यांची म्हणजे त्यांच्या पब्लिशरची, दुसरी त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची म्हणजे सहसा रेकॉर्ड कंपनीची. बँडची संमती नसेल तर या दोन्ही मिळणं अवघड आणि मिळाल्या तरी महाग. समीक्षेच्या नावाखाली कायद्यात थोडी सूट असते, त्यात सहसा छोटे तुकडे बसतात, अख्खं गाणं नाही. मग हे लोक काय करतात, त्या बँडसारखं वाटेल असं काहीतरी भाड्याने वाजवून घेतात, जुन्या प्रेस कॉन्फरन्सचं फुटेज लावतात, फोटो हळूहळू झूम करतात आणि पुस्तकांच्या कपाटासमोर माणूस बसवून बोलायला लावतात. क्वीनची डीव्हीडी आणि त्यात क्वीन नाही. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलीत, कळण्याच्या भाकरी थापल्यात, आणि तू बांधावर उभा राहून जेवून आलेल्या माणसाकडून भरीत कसं झालं होतं ते ऐकतोयस, तेही पैसे देऊन.

आता मला हे कुठून कळलं ते सांगतो, नाहीतर म्हणशील काका नुसते लेक्चर देतात.

२००७ च्या दिवाळीनंतर मी मुंबईला गेलो होतो. तेव्हा जळगावला एका झेरॉक्सच्या दुकानात होतो, पगार काय असणार. फोर्टात एका दुकानात आयर्न मेडन हा इंग्लिश हेवी मेटल बँड आणि बाकीच्या दोन-तीन बँडच्या मिळून सहा डीव्हीडी दिसल्या, चकचकीत कव्हर, आत काय ते कोणाला माहिती, अडीच हजाराला घेतल्या. भुसावळला येऊन रात्री पहिली लावली तर प्लेअरने घेतलीच नाही, रीजन २ ची होती, आपल्याकडे रीजन ५. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा आकडा. तिसरी लागली. तासाभराची फिल्म, एकच गिटारची धून सारखी फिरतेय, मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचा तोच फोटो चार वेळा, आणि तीन माणसं आळीपाळीने सांगतायत की हा बँड फार महत्त्वाचा आहे. पाचवी आणि सहावी तर एकच फिल्म निघाली, कव्हर आणि नाव वेगळं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की बँडचा किंवा त्यांच्या कंपनीचा याच्याशी संबंध नाही. ते मी घरी येऊन वाचलं.

आणि १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत वाजले. बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या मैदानावर. त्या अख्ख्या वर्ल्ड टूरचा पहिला शो. भुसावळहून एका रात्रीची गाडी रे, संध्याकाळी बसलं की सकाळी दादर. माझा मित्र म्हणाला चल, आणि माझ्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. घरी मागायची हिंमत झाली नाही कारण त्या डीव्हीड्या आईने बघितल्या होत्या. तो गेला, मी दुकानात कॉलेजच्या पोरांच्या नोट्स स्पायरल बाइंड करत बसलो. पुढच्या वर्षी त्याच टूरवर बँडची स्वतःची फिल्म आली, फ्लाइट ६६६, डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ उडवतोय, आणि सुरुवातीलाच मुंबई. आपली पोरं, काळे टीशर्ट, हात वर, प्रत्येक शब्द तोंडपाठ. मी ते पॉज करून करून बघितलं, मित्र दिसतो का म्हणून. नाही दिसला. पण मी नव्हतो हे मात्र प्रत्येक फ्रेममध्ये दिसत होतं. अजूनही ती फिल्म लागली की तेवढा भाग मी पुढे ढकलतो.

म्हणून म्हणतो आधी गाणं. तुला ही गोष्ट जुनी वाटेल, मला नाही वाटत.

आता तू लगेच म्हणशील की मग अधिकृत तेवढंच खरं का. नाही रे बाबा, असं कोण म्हणतंय. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सचं साठेक तासांचं शूटिंग झालं, त्यातून १९७० ला सव्वा तासावर थोडी अशी एक फिल्म निघाली आणि लोकांनी त्यात फुटत चाललेला बँड पाहिला, आणि त्याच रिळांतून दिग्दर्शक पीटर जॅक्सनने २०२१ ला जवळजवळ आठ तासांचं काढलं तर त्यात तीच चार माणसं हसतायत, चहा पितायत, टवाळक्या करतायत. दोन्ही फिल्म बँडच्याच संमतीने. म्हणजे शिक्का असला तरी कात्री असतेच, फक्त ती कुणाच्या हातात आहे ते बघायचं. पण दोन्हींत ती माणसं वाजवताना दिसतात, ऐकू येतात, हे विसरू नको. तू स्वतःच्या कानाने ठरवू शकतोस.

आणि परवानगी नसलेलं सगळंच टाकाऊ असतं असंही नाही. निक ब्रूमफील्डने १९९८ मध्ये निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या मृत्यूवर फिल्म केली, निर्वाणाचं एकही गाणं त्याला वापरता आलं नाही, सनडान्स महोत्सवातूनही ती काढली गेली. त्यात घातपाताच्या ज्या संशयाचा माग काढलाय तो मला अजिबात पटत नाही. पण तो माणूस स्वतः माइक घेऊन दारोदार फिरला, ज्यांनी कर्टला लहानपणी पाहिलं त्यांच्यासमोर जाऊन बसला. हा फरक आहे. तिथे उभा असलेला माणूस बोलतोय की नंतर वाचून आलेला, एवढं बघ. साउंड इंजिनिअर, काढून टाकलेला ड्रमर, पहिला मॅनेजर, असे लोक कधीकधी फक्त अशाच फिल्ममध्ये सापडतात कारण बँडला ते नको असतात.

तुझ्या डीव्हीडीचंही तसंच बघ. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, तिथे पाच पोरांनी हेक्टिक्स नावाचा बँड केला होता, त्यात हा पियानो वाजवायचा. पाचगणीचं कोणी त्या दोन डिस्कमध्ये बोलतंय का? कोणी शाळासोबती, कोणी शिक्षक? असेल तर मी स्वतः अर्धे पैसे टाकतो. नसेल तर लंडनच्या कुठल्यातरी समीक्षकाचं मत चौदाशेला कशाला हवंय तुला?

माझ्या कपाटात अशा चाळीसेक डिस्क अजून आहेत आणि तू त्या बघितल्यास, म्हणूनच तुला वाटलं असेल की काका स्वतः घेतात आणि मला नको म्हणतात. बायकोही दर दिवाळीला विचारते की भंगारवाल्याला देऊ का. नाही देत. तेव्हा भुसावळमध्ये मी बँड म्हटलं की लोकांना लग्नाचा बँड किंवा कानबाईच्या मिरवणुकीतला बँड आठवायचा, आणि त्यात गैर काही नाही, तोही मी भान हरपून ऐकतो. पण आयर्न मेडनबद्दल बोलायला अख्ख्या गावात एक मित्र, तोही मुंबईला निघून गेला. त्या टुकार फिल्ममधली ती तीन माणसं तासभर का होईना माझ्याशी त्याच विषयावर बोलत होती. मी त्यांच्या सोबतीचे पैसे दिले, आणि ते मला अजून वाया गेलेले वाटत नाहीत. तुझं तसं नाही ना. तुझ्याकडे फोन आहे, त्यावर जगभरातली तुझ्यासारखी पोरं आहेत, आणि मी आहे. तुला सोबत विकत घ्यायची गरज नाही भो.

आणि एक, तुझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह तरी आहे का? मला नाही वाटत.

त्या विकणाऱ्याला मागच्या बाजूचा फोटो मागव, पुढचा नको. बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत, रीजनचा आकडा दिसला पाहिजे, बोलणाऱ्यांची नावं कुठे लिहिली असतील तर तीही. मला पाठव आणि रविवारी चारनंतर घरी ये. माझा प्लेअर अजून चालतो. येताना ते गाणं ज्यात आहे तो १९७५ चा अल्बम, 'अ नाइट ॲट द ऑपेरा', एकदा सलग ऐकून ये, अर्धवट नाही, आणि मधलं कोणतं गाणं तुला सगळ्यात नावडलं ते मला सांग.

तुझा काका