ऑनलाइन शॉपिंगमुळे बडोद्यातली छोटी दुकानं खरंच बंद पडतायत का?

पडतायत, पण सगळी नाही. मोबाइल, चपला, रेडिमेड कपडेवाल्यांना जास्त फटका बसलाय, गिऱ्हाईक येतं, माल हाताळतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं, फार वाईट वाटतं हे बघून. किराणावाला उधारीच्या वहीवर तग धरून होता पण आता दहा मिनिटांत घरपोच देणारे आले आणि त्याचंही अवघड झालंय. भावात तो कसा टिकणार, कंपन्या ढिगाने माल उचलतात, याला एमआरपीवर सुटतात चार पैसे. परदेशी पैशावरच्या मार्केटप्लेसनी, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्यांना माल विकायला जागा देणाऱ्या साइट्सनी, स्वतःचा साठा विकायचा नाही, भावात हात घालायचा नाही असा नियम आहे, १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अजून कडक केला, तरी डिस्काउंट काही थांबले नाहीत.

आमच्या दांडिया बाजाराकडे मात्र भाजणी, मेतकूट, गोडा मसाला ठेवणारे चाललेत. काकू डब्याचं झाकण उघडून वास घेतात, भाजणी कधी दळली विचारतात आणि दुकानदार खरं सांगतो, हे अॅपवर कुठे मिळणार? बाकीच्यांचं म्हणाल तर महिन्याचं वाणसामान तरी गल्लीतूनच भरा, व्हॉट्सअॅपवर यादी टाकली की पोरगा घरी आणून देतो.