नव्या राउटरचे पान उघडायचे आहे, पण उघडते जुन्या पेटीचे, काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीतील आपल्या करसल्लागाराच्या कार्यालयात सहा संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर फायबरवाल्याने बसवलेली पांढरी पेटी आहे. येणाऱ्या क्लायंटना वेगळे वाय-फाय देता यावे म्हणून आपण नवा राउटर आणला, एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला, पण उघडले ते त्या पेटीचे पान, आणि राउटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड तिथे चालत नाही. राउटर सदोष समजून दुकानात परत करावा का, असे आपण विचारले आहे.

परत करू नका. मी उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. संगणक हा माझा विषय नव्हे, पण लहान कार्यालयात ज्याला वायर ओळखता येते त्याच्याच गळ्यात हे काम पडते, आणि नेमकी हीच अडचण मी दोनदा भोगली आहे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे कोणा एकाच्या मालकीचे नसतात. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार ते आणि १० ने सुरू होणारे, तसेच १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते अंतर्गत वापरासाठी सर्वांना मोकळे ठेवलेले आहेत; त्यामुळे अनेक कंपन्या आपल्या उपकरणाला कारखान्यातच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता देऊन टाकतात. बेळगावात मारुती गल्ली आहे आणि आसपासच्या कित्येक गावांतही मारुती गल्ली आहे. गावाचे नाव न घालता नुसती गल्ली सांगितली, तर माणूस ज्या गावात उभा असेल तिथल्याच मारुती गल्लीत जाणार. आपला संगणक अजून पांढऱ्या पेटीच्या गावात उभा आहे, म्हणून तिचेच पान उघडते. व्हिडिओत सांगितलेला पत्ता जसाच्या तसा टाकणे ही इथली मूळ चूक आहे. पत्ता संगणकालाच विचारावा.

त्यासाठी आधी दोन्ही उपकरणे एकमेकांपासून तोडावीत. पेटीकडून राउटरकडे जाणारी वायर काढावी, लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे, आणि राउटरसोबत आलेल्या छोट्या वायरीने लॅपटॉप राउटरच्या ‘लॅन’ (म्हणजे आतले जाळे) लिहिलेल्या भोकात जोडावा. मग विंडोजची कळ आणि आर ही अक्षराची कळ एकत्र दाबून, उघडलेल्या चौकटीत सीएमडी लिहून काळी खिडकी उघडावी आणि आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर द्यावे. ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे जो आकडा येईल तोच या क्षणी आपल्या राउटरचा पत्ता आहे. गेटवेची ओळ रिकामी असेल आणि आयपीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; बहुतेक वेळा वायर नीट बसलेली नसते किंवा ती ‘वॅन’च्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणाऱ्या वायरीच्या, भोकात गेलेली असते.

तो पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकताना आधी एचटीटीपी, मग कोलन आणि दोन तिरक्या रेघा जरूर लिहा, नाहीतर काही ब्राउझर तो शोधायचा शब्द समजून गूगलकडे धाव घेतात. मी इथे देवनागरी अंक लिहिले आहेत, पट्टीत मात्र इंग्रजी अंकच टाकावेत. काही राउटर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी लाल सूचना दाखवतात. राउटरचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेले असल्यामुळे ब्राउझर ते मानत नाही. फक्त एक वायर आणि आपलाच राउटर अशी जोडणी असताना तेवढ्यापुरते पुढे जाण्यास हरकत नाही. मोबाइलवरून हे काम करणार असाल तर मोबाइल डेटा बंद करावा, कारण वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच अनेक फोन गुपचूप डेटाकडे वळतात आणि पान उघडत नाही. ब्राउझरचे आपोआप मराठीत भाषांतर करणेही बंद ठेवा. आमच्याकडे एकदा ‘ब्रिज’चा ‘पूल’ झाला होता, आणि साहेब बराच वेळ कोणता पूल म्हणून विचारत होते.

पान उघडल्यावर पहिले काम व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलण्याचे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाहून. त्याला दुसरी कोणतीही करामत करावी लागली नाही. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे असावेत. वाय-फायचा पासवर्ड क्लायंट, शेजारी, चहावाल्याचा मुलगा अशा सगळ्यांपर्यंत पोहोचतो, ही वस्तुस्थिती धरूनच चालावे.

दुसरे काम आपल्या अडचणीच्या मुळाशी जाते. ‘लॅन’च्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा करा आणि (पुढचा परिच्छेद वाचूनच) जतन करा. जतन करताच पान गोठल्यासारखे होईल. घाबरू नये, राउटर नव्या पत्त्यावर गेला आहे आणि आपण जुन्या पत्त्यावर वाट पाहत आहात. वायर काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्याने आत या. आता दोन गावांच्या दोन वेगळ्या गल्ल्या झाल्या. पांढरी पेटी १९२.१६८.१.१ वर राहू दे.

मात्र जतन करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. ज्या संगणकावर टॅलीचा डेटा आहे त्याला किंवा प्रिंटरला पूर्वी कोणी हाताने ठराविक पत्ता दिलेला असेल, तर मालिका बदलल्यावर तो जुन्याच पत्त्याला चिकटून राहील आणि कोणालाच सापडणार नाही. अशा उपकरणांवर पत्ता आपोआप घेण्याची सोय चालू करावी, आणि राउटरच्या डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटण्याच्या सोयीच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या सोयीने त्यांचे पत्ते कायमचे राखून ठेवावेत. म्हणजे पत्त्यांची वही एकाच ठिकाणी राहते.

आता पेटीची वायर राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या भोकात लावा. रंगावर जाऊ नका, अक्षरे वाचा. आमच्याकडे वायर लावणाऱ्याने ती शेजारच्या लॅनच्या भोकात लावली, हिरवा दिवा लागलेला पाहून “बंतु, बंतु” (कानडीत ‘आले, आले’) म्हणत तो मोटारसायकलवर बसून निघूनही गेला. नेट खरोखरच आले होते, पण एकाच जाळ्यात पत्ते वाटणारी दोन उपकरणे झाली होती. काही संगणकांना पेटीकडून पत्ता मिळाला, काहींना राउटरकडून. राउटरकडे स्वतःची इंटरनेटची वाट नसल्याने त्याचे पत्ते घेतलेले संगणक अडकून पडले, आणि संगणक बंद करून चालू केला की कधी चाले, कधी चालत नसे. फाटकात कास्टिंग भरलेला ट्रक कोल्हापूरला निघायच्या तयारीत उभा होता. माल ५०,००० रुपयांवरचा, त्यात राज्याची हद्द ओलांडायची, म्हणजे ई-वे बिलाशिवाय चाक हलणार नाही. शेवटी ते बिल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काढले, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात वायर बदलायची आहे हे समजायला मला संध्याकाळ झाली.

‘वॅन’च्या पानावर जोडणीचा प्रकार विचारला जाईल. आपली पेटी आज स्वतःच इंटरनेट देत असल्यामुळे ‘डायनॅमिक आयपी’ निवडा. पीपीपीओईचे, म्हणजे फायबर कंपनीकडे लॉगिन करायचे, नाव आणि पासवर्ड पेटीतच भरलेले असतात, ते राउटरमध्ये पुन्हा भरायचे नाहीत. ते राउटरमध्ये भरायची वेळ पेटी ब्रिज पद्धतीवर (लॉगिन न करता इंटरनेट नुसते राउटरकडे पुढे पाठवण्यावर) टाकून घेतली तरच येते, आणि ते काम फायबरवाल्याकडून करून घ्यावे लागते. तसे करावे का? पेटी आणि राउटर दोघेही पत्त्यांची अदलाबदल करतात, याला दुहेरी नॅट म्हणतात, आणि ते वाईटच असे अनेक जण सांगतील. जीएसटीचे पोर्टल, बँक, ईमेल आणि टॅली यांना त्याने काही फरक पडत नाही. बाहेरून आत शिरायचे असेल, म्हणजे पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडून कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर घरून पाहायचा असेल, तरच ते आडवे येते. तसेही पेटीच्या स्थितीच्या पानावर इंटरनेटकडचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसत असेल, तर कंपनीनेच तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि ब्रिज करूनही पोर्ट उघडणार नाहीत. आपल्या जागी मी असतो तर पेटीला हात लावला नसता.

वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३ यांची मिश्र ठेवावी. नुसते डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुना प्रिंटर जोडला जाणार नाही. तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, म्हणून तो पट्टा बंद करू नये, आणि शेजारी बरीच दुकाने असतील तर त्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी जी वाहिनी मोकळी दिसेल ती निवडावी. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. वाय-फायचे नाव मराठीत ठेवण्याचा मोह मलाही झाला होता. नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम १० चिन्हे. ‘कार्यालय’ बसते, ‘बेळगाव कार्यालय’ बसत नाही, आणि जुन्या प्रिंटरच्या पडद्यावर त्याची नुसती चौकोनांची रांग दिसते.

क्लायंटसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून, पाहुण्यांना अंतर्गत जाळ्यात प्रवेश देणारी खूण काढून टाका. यात एक पळवाट राहते, ती फारसे कोणी सांगत नाही: आपल्या मांडणीत पांढरी पेटी राउटरच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे राउटर तिला बाहेरचे जग समजतो, आणि पाहुण्याने १९२.१६८.१.१ टाकले तर तो तिच्या पानापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पेटीचाही व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलून घ्या.

फर्मवेअर, म्हणजे राउटरमधला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करायचे असेल तर वायरीने जोडून करा, आणि जूनच्या पावसात दिवे लुकलुकत असताना तर मुळीच नको. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. लहान यूपीएस घेणार असाल तर पेटी आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. दोघांचे ॲडॉप्टर दिसायला सारखे असतात, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ व्होल्टचा असू शकतो, म्हणून मी आमच्या ॲडॉप्टरांना नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके लावले आहेत.

शेवटी राउटरच्या पानावरून सगळ्या मांडणीची प्रत एका फाइलीत उतरवून ठेवा. सहाही संगणकांवर टॅली उघडून पाहा, प्रिंटरवर एक पान काढा, आणि हे सगळे चालल्यावरच पांढऱ्या पेटीचे वाय-फाय बंद करा. ते आधी बंद केले, तर काही बिघडल्यास विचारायलाही नेट राहणार नाही.