धक्क्यावरचं जहाज हिशेबातून सुटू देऊ नका
बंदरातल्या जहाजांच्या धुराचा, म्हणजे उत्सर्जनाचा, हिशेब मांडताना सुरुवातीलाच मेन इंजिनच्या (जहाज पुढे ढकलणाऱ्या इंजिनच्या) मागे लागू नका. जहाज धक्क्याला लागलं की ते इंजिन बंद होतं. पण दिवे, पंप, रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर यांच्यासाठी जनरेटर तासन्‌तास धडधडत राहतात, टँकरवर बॉयलरही. ते तास आधी नीट मिळवा.

सूत्र सोपं आहे: किलोवॅट (इंजिनची पूर्ण ताकद) × लोड (त्यातला वापरात असलेला हिस्सा) × तास × उत्सर्जन गुणांक (दर किलोवॅट-तासाला किती प्रदूषण). चालत्या जहाजाचा वेग एआयएसवरून (जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) मिळतो, पण मेन इंजिनचा लोड वेगाच्या घनाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा, तर लोड आठवा हिस्सा! आणि लोड २० टक्क्यांखाली गेला की इंधन नीट जळत नाही, म्हणून गुणांक वाढवून घ्यायचा. नवखे हे हमखास गाळतात.

गंधकाचे २०२० आधीचे गुणांक जसेच्या तसे उचलू नका. तेव्हा इंधनात ३.५ टक्के चालायचं, आता मर्यादा ०.५ आहे. स्क्रबरवाली (धुरातला गंधक धुऊन काढणारं यंत्र बसवलेली) जहाजं वेगळी काढा.